यादी गेटच्या बाहेर लावा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

तीन वर्षांपूर्वी वैशाखात आमच्या वऱ्हाडाची पिकअप उलटली. रात्री साडेदहाला आम्ही रुग्णालयाच्या गेटवर पोहोचलो, तोवर तिथे शंभरेक माणसं जमली होती. मामी तर दिसेल त्या पांढऱ्या कोटाला धरून "मना आंडोर कोठे शे?" (माझा मुलगा कुठे आहे?) एवढंच विचारत होती. वॉचमन म्हणे, "आत विचारा." आत मात्र सोडेना. बाराच्या सुमाराला एका शिकाऊ डॉक्टरने वहीचं पान फाडून आणलं. अकरा नावं, त्यात चार पाटील, दोघांची तर नावंही सारखी. गाव नाही, वय नाही, बापाचं नाव नाही. खान्देशात नुसतं पाटील लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. त्यातल्या एका पाटलापुढे फुली होती. फुलीचा अर्थ कोणी सांगेना, तेव्हा मामीने तो स्वतःच लावला आणि मटकन खाली बसली.

फुली होती 'रेफर'ची. मामेभावाला केव्हाच 108 ने मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. आम्हाला ते पहाटे कळलं, तेही अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. तिघं होते, त्यांनी टाके घालायचे की गेटवर उत्तरं द्यायची? पण गेटवर बोलणारा एक माणूस नेमायला डॉक्टर कशाला हवा?

कोणी काही सांगेना की अफवा धावते. आमच्या गेटवर तासाभरात मेलेल्यांचा आकडा दोनाचा नऊ झाला होता. अफवेने काय होतं हे 22 जानेवारी 2025 ला जळगाव जिल्ह्यात परधाड्याजवळ सगळ्यांनी पाहिलं. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची नुसती आवई उठली, माणसं खाली उतरून शेजारच्या रुळावर गेली आणि कर्नाटक एक्सप्रेस आली. मृतांत नेपाळचीही माणसं होती. एवढ्या लांबच्या घरच्यांनी फोन लावायचा कोणाला? जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा 1077 आहे, पण रुग्णालयानेच यादी कळवली नाही तर तिथला माणूस तरी काय सांगणार?

त्यात ग्रामीण रुग्णालय आपल्या खात्याचं आणि जळगाव-धुळ्याची मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याची. पेशंट एका खात्यातून दुसऱ्यात जातो, त्याची माहिती मागेच राहते. दाखल झालेलं माणूसही हरवतं. जून 2020 मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातल्या वृद्धेचा आठ दिवस पत्ता नव्हता. शेवटी तिथल्याच शौचालयात मृतदेह सापडला.

मागणी मोठी नाही. अपघात मोठा असेल तर दर तासाला एकाने गेटवर येऊन बोलावं. नवीन काही नसेल तर "अजून काही कळलेलं नाही" हेसुद्धा सांगावं; लोक ते ऐकून घेतात, गप्प बसलेलं खपत नाही. यादीत वय, गाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि कुठे हलवलं ते लिहावं. ओळख पटली नसेल तर कपडे आणि हातावरचं गोंदण लिहावं. आमच्याकडे कित्येक बायांच्या हातावर नाव गोंदलेलं असतं. मृत्यूची बातमी मात्र फळ्यावर नको. घरच्यांना आत बोलवा, बसवा, मग सांगा. नंदुरबारच्या धडगाव-मोलगीकडचे लोक असतील तर पावरी-भिली बोलणारी आशाताई शेजारी उभी करा, ती तालुक्यात सापडतेच.

2017 साली मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या चेंगराचेंगरीनंतर केईएम रुग्णालयात मृतांच्या कपाळावर आकडे लिहिले, त्यावर ओरड झाली. रास्तच होती. पण प्रत्येकाला एक क्रमांक देण्याची कल्पना चूक नव्हती. तोच आकडा मनगटाच्या पट्टीवर असता तर कोणी बोललं नसतं.

कळावे,
पारोळा तालुक्यातला एक शेतकरी

ता.क. यादी गेटच्या आतल्या भिंतीवर लावू नका. आम्हाला आत सोडत नाहीत.