बिशप अझरिया यांची अर्धवट ओळख

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

धर्मांतराचा विषय निघाला की बिशप व्ही. एस. अझरिया यांचे नाव केवळ गांधीजींशी झालेल्या मतभेदापुरते घेतले जाते. दलितांच्या सामूहिक धर्मांतराला गांधीजींचा विरोध होता आणि अझरिया त्याचे उघड समर्थक होते, हे खरेच आहे. परंतु त्यांची ओळख तेवढ्यावरच संपवणे मला अन्यायाचे वाटते.

१८७४ साली तिरुनेलवेली भागातील एका खेड्यात जन्मलेले अझरिया १९१० मध्ये एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत बोलले, तेव्हा समोर बहुतेक पाश्चात्त्य मिशनरी बसले होते. परदेशी मिशनरी आणि त्यांचे भारतीय सहकारी यांच्यात मोकळेपणा नाही, दुरावा आहे, हे त्यांनी त्यांच्याच तोंडावर सांगितले. तुम्ही गोरगरिबांना अन्न दिलेत, स्वतःचे देह झिजवलेत, आता आम्हाला प्रेमही हवे आहे, या आशयाच्या वाक्यांनंतर त्यांनी केलेली शेवटची मागणी एवढीच होती : ‘आम्हाला मित्र द्या!’ परकीय राजवटीच्या ऐन भरात हे बोलायला केवढे धैर्य लागले असेल!

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि अँग्लिकन चर्चला (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील ख्रिस्ती पंथाला) पहिला भारतीय बिशप लाभला. भारतीयाच्या हाताखाली काम करणे काही युरोपीय मिशनऱ्यांना रुचले नव्हते. १ जानेवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंतच्या ३२ वर्षांत दुसऱ्या एकाही भारतीयाकडे स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतील प्रदेश) सोपवला गेला नाही, ही गोष्ट मला त्या गाजलेल्या वादापेक्षा अधिक विचार करायला लावते.

मातृभाषा तमिळ असूनही त्यांनी आपले आयुष्य आजच्या तेलंगणातील दोर्नकल येथे, तेलुगू बोलणाऱ्या, प्रामुख्याने माला व मादिगा या दलित समाजांतील खेडुतांमध्ये घालवले. शिवाय, ज्यांच्या राष्ट्रनिष्ठेविषयी शंका घेतली जाते, त्याच अझरियांनी ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ नकोत, अशी भूमिका घेतली होती, याचा उल्लेख क्वचितच होतो.

दोर्नकलचे कॅथेड्रल त्यांच्याच काळात, १९३९ मध्ये पूर्ण झाले. तेथे दक्षिणी मंदिरांच्या धर्तीचे खांब आहेत आणि मशिदीसारखे घुमट व मिनारही आहेत. आपल्या रविवारच्या पुरवणीत या वास्तूवर आणि ती उभारणाऱ्या बिशपांवर सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर