‘डेअरी-फ्री’ छापलेल्या नारळ दूध पावडरीत दुधाचे प्रथिन: तक्रार

नेरूळ, नवी मुंबई

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय: आपल्या नारळ दूध पावडरीत सोडियम केसिनेट असूनही पाकिटावर ‘डेअरी-फ्री’ छापल्याबाबत आणि दुधाची सूचना न दिल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीच्या नारळाच्या दुधाच्या पावडरीवर दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘डेअरी-फ्री’ असे लिहिले आहे. त्याच पाकिटाच्या मागे, तळाच्या घडीत, घटकांच्या यादीत सर्वांत शेवटी ‘सोडियम केसिनेट’ आहे. हा घटक गायी-म्हशीच्या दुधातल्या केसीन या प्रथिनापासून तयार होतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे. गेल्या रविवारी या पावडरीची सोलकढी प्यायल्यावर त्याला रुग्णालयात न्यावे लागले.

आम्ही मूळचे मालवणकडचे. रविवारी दिवाळे गावच्या बाजारातून मासळी आणायची आणि जेवणात सोलकढी हवीच, हा आमच्या घरचा शिरस्ता. मुलाचे दूध बंद झाल्यापासून तर सोलकढीचा फार मोठा आधार होता. ताक गेले, दहीभात गेला, आजीच्या हातची खीर गेली, पण सगळ्यांच्या पंगतीत बसून सगळ्यांसारखे प्यायला त्याच्यापुढे वाटी असायची. एरवी आम्ही नारळ खवून, वाटून, पिळून दूध काढतो. वेळ नसेल तेव्हा आपली पावडर. पूर्वीच्या पाकिटावर नारळाचे दूध आणि माल्टोडेक्स्ट्रिन एवढेच घटक होते. मी ते वाचून, डॉक्टरांना दाखवून मगच घरात आणले होते.

या वेळचे पाकीटही तेच. तोच रंग, तोच नारळाचा फोटो, तोच ‘डेअरी-फ्री’चा गोल शिक्का. सासूबाईंनी पावडर कोमट पाण्यात घातली तर ती लगेच एकजीव झाली आणि वर तेलाचा तवंगही धरला नाही. केसिनेट घालण्याचे कारणच ते असते. नारळाच्या दुधातली चरबी आणि पाणी एकमेकांपासून सुटू नयेत, पावडर सुकवताना आणि पुन्हा विरघळवताना ती नीट मिसळावी, म्हणून ते वापरतात. उत्पादन बनवणाऱ्याला ही सोय आहे हे मला समजते. पण ती सोय करताना पुढचा शिक्का काढायला हवा होता. तो आपण काढला नाहीत.

अर्धी वाटी पिऊन होते न होते तोच त्याच्या मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या, मग ओठ सुजला, आवाज बसला. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध आमच्या घरात कायम असते, ते दिले आणि रिक्षाने रुग्णालय गाठले. काही तास देखरेखीखाली ठेवून त्याला घरी सोडले. आता तो बरा आहे. डिस्चार्जचा कागद सोबत जोडला आहे.

रुग्णालयातून आल्यावर मी पाकीट उलटेपालटे करून पाहिले. घटकांची यादी जिथे संपते तिथे पाकिटाचा तळ उष्णतेने चिकटवलेला आहे आणि शेवटची ओळ त्या सुरकुतीत अडकली आहे. बोटाने ताणून, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून ती वाचावी लागते. जुने पाकीट मसाल्याच्या डब्यात क्लिप लावून ठेवलेले होते. दोन्ही शेजारी ठेवून काढलेले फोटो जोडत आहे. बॅच क्रमांक दोन्हींवर स्पष्ट दिसतो.

आता आपल्या ग्राहक सेवेकडून मला काय ऐकावे लागले ते सांगते, कारण त्याने मला जास्त अस्वस्थ केले आहे. फोनवरचे पहिले उत्तर होते, “मॅडम, आपलं प्रॉडक्ट हिरव्या ठिपक्याचं आहे, शंभर टक्के व्हेज.” हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे. आपल्या देशात दूध, तूप, लोणी, चीज हे सगळे त्या ठिपक्यातच येते. दूध टाळणाऱ्याला तो ठिपका काहीही सांगत नाही. प्राण्यांपासून आलेले काहीच नसलेल्या पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनी वेगळे व्हेगन चिन्ह आणले आहे. ते आपल्या पाकिटावर नाही.

वरिष्ठांकडे फोन गेल्यावर दुसरे उत्तर आले, “केसिनेटमध्ये लॅक्टोज नसतं, त्यामुळे ते डेअरी धरत नाहीत.” हे उत्तर चुकीचे तर आहेच, पण माझ्या मुलासारख्यांसाठी धोक्याचे आहे. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती न पचणाऱ्याला पोटफुगी, जुलाब होतात. अ‍ॅलर्जी दुधाच्या प्रथिनांची असते आणि ती शरीराच्या प्रतिकारशक्तीकडून येते. गायीच्या दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. म्हणजे आपण लॅक्टोज वगळलेत आणि ज्याची अ‍ॅलर्जी असते नेमके तेच पाकिटात घातलेत. लॅक्टोज-फ्री दूधसुद्धा अशा मुलाला चालत नाही. शेळीच्या दुधाची प्रथिनेही गायीच्या दुधासारखीच असल्याने बहुतेकांना तेही चालत नाही, तरी “शेळीचं देऊन बघा” हा सल्ला आम्हाला घरोघरी मिळतो. शेजाऱ्यांकडून तो आला तर मी समजू शकते. खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडून असे ऐकायला मिळणे मला मान्य नाही.

दुधाशिवाय घर चालवणे काय असते हेही आपण जाणून घ्यावे, म्हणजे एका शब्दाला आम्ही इतके का धरून बसतो ते कळेल. दूध उघड दिसते तिथे अडचण येत नाही. पेढा, श्रीखंड, पनीर बाजूला ठेवता येते. ते दडलेले असते तिथे खरा त्रास. टोमॅटो वेफर्सच्या मसाल्यात व्हे पावडर, ब्रेडमध्ये मिल्क सॉलिड्स, हॉटेलच्या नानच्या पिठात दही, पोळीवर न विचारता सोडलेले तूप, सूपच्या पाकिटात स्किम्ड मिल्क पावडर, चकलीच्या मोहनात लोणी. वाशीला सुपरमार्केटमध्ये गेले की मी रांग अडवून पाकिटे वाचत उभी असते आणि मागचे लोक उसासे टाकतात. उलट ‘लॅक्टिक अ‍ॅसिड’ किंवा ‘कोको बटर’ ही नावे वाचून सुरुवातीला आम्ही दचकायचो. लॅक्टिक अ‍ॅसिड सहसा साखर आंबवून करतात आणि कोको बटर ही कोकोच्या बियांची चरबी, हे नंतर समजले. कॅल्शियमसाठी नाचणी आहे, तिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असते. तीळ आहेत, पालेभाज्या आहेत. हे सगळे आम्ही शिकलो आणि निभावतो आहोत. पण हा सगळा संसार छापील लेबलवर चालतो. तेच खोटे असेल तर आम्ही कशाचा आधार घ्यायचा?

अन्न सुरक्षा आणि मानके (लेबलिंग आणि प्रदर्शन) विनियम, २०२० नुसार दूध आणि दुग्धजन्य पदार्थ हे जाहीर करणे बंधनकारक असलेल्या अ‍ॅलर्जीकारक घटकांत आहेत आणि त्यासाठी ‘यात दूध आहे’ अशी वेगळी सूचना द्यावी लागते. आपल्या पाकिटावर अशी ओळ कुठेही नाही. दुसरीकडे दर्शनी बाजूला त्याच्या अगदी उलट दावा आहे. दावा खरा असावा आणि ग्राहकाची दिशाभूल करणारा नसावा, हे २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांत आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ५२ मध्ये चुकीच्या लेबलच्या मालासाठी तीन लाखांपर्यंत आणि कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या विधी विभागाला हे ठाऊक असेलच.

आपल्या प्रतिनिधीने मला पैसे परत आणि वर एक गिफ्ट हॅम्पर देऊ केला. मला दोन्ही नको. या बॅचचा माल दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रीतून ताबडतोब मागे घ्यावा आणि तो का मागे घेतला हे जाहीरपणे सांगावे. ज्यांच्या घरी हे पाकीट आत्ता फडताळात आहे त्यांना ते कळायलाच हवे. विक्रीच्या पानावर अजून जुन्या घटकांचा फोटो आहे, तो बदलावा. केसिनेट ठेवायचेच असेल तर ‘डेअरी-फ्री’ हे शब्द काढून दुधाची सूचना घटकांच्या यादीला लागून, घडीत न जाणाऱ्या जागी, वाचता येईल अशा अक्षरांत छापावी. आणि पुढे कधी घटक बदलले तर पाकिटाच्या दर्शनी भागावर तसे लिहावे. नेहमीचा ग्राहक रंग बघून पाकीट उचलतो, हे आपल्यालाही माहीत आहे.

फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना लॅक्टोज आणि दुधाचे प्रथिन यांतला फरक शिकवावा, ही विनंती मी स्वतंत्रपणे करते. त्यांचा यात दोष नाही, त्यांना जे सांगितले तेच ते बोलत होते. पण पुढच्या खेपेला एखादी आई त्यांना विचारूनच पोराच्या ताटात काही वाढेल.

उरलेली पावडर पाकिटासह हवाबंद डब्यात सील करून ठेवली आहे. तपासणीसाठी ती मी अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनाच देईन, कुरिअरने आपल्याकडे पाठवणार नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण कोणती कारवाई केली ते लेखी कळवावे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे तक्रार पोर्टल आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोग, तिन्हीकडे याच कागदपत्रांसह तक्रार दाखल करीन.

आपली,
एक ग्राहक, नेरूळ

सोबत: दोन्ही पाकिटांचे फोटो, खरेदीची पावती, डिस्चार्ज कागदाची प्रत