आधी आवक थांबव

लोकमान्य नगर, इंदूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करतोस आणि फोन ठेवला की विसरतोस, म्हणून लिहितोय. निपानियाच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नाही, पगार कुठे जातो कळत नाही, छोटीजवळ बसायला वेळ नाही, अशा तीन तक्रारी तू करतोस. मला त्या एकच वाटतात: घरात काय येतं यावर कुणाचाच पहारा नाही. बहुतेक जण आवराआवरी फेकण्यापासून सुरू करतात आणि दिवाळीपर्यंत कपाट पुन्हा तसंच भरतं. तू उलट्या टोकाने धर.

त्याआधी अर्धा तास कागद-पेन घेऊन बस. "कुटुंबाला वेळ देणे" असलं काही लिहू नकोस, तास लिही. छोटीबरोबर रोज संध्याकाळी दीड तास, फोन दुसऱ्या खोलीत. तबल्याचा रियाज आठवड्यातून तीनदा, पाऊण-पाऊण तास. मिळून आठवड्याचे पावणेतेरा तास झाले. आता फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आठवड्याचा स्क्रीन टाइम बघ, म्हणजे हे तास कुठून काढायचे ते शोधावं लागणार नाही. यादीत तिसरं काही घालू नकोस. (रविवारचे पोहे-जिलबी या हिशेबाच्या बाहेर. तेवढं चालतं.)

आता आवक. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाक. दरवेळी सोळा आकडे टाइप करायचे म्हटलं की हात आपोआप थांबतो. घ्यावीशी वाटलेली वस्तू तारीख घालून फ्रिजवरच्या कागदावर लिही, तीस दिवसांनी अजून हवी असेल तर घे. औषधं आणि छोटीच्या वस्तूंना हा नियम नाही. दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप आठवड्यातून दोनच वार उघडायची. आणि स्वस्त मिळतं म्हणून सियागंजच्या घाऊक बाजारातून पोती आणू नकोस. माळव्यात वर्षाचे गहू भरायची रीत आहे खरी, पण ती कोठी आणि अंगण असलेल्या घरांची. तुम्हा तिघांना महिन्याला दहा-बारा किलो गहू पुरतात, वीस किलोच्या वर नेऊ नकोस. पावसाळ्यात बंद फ्लॅटमधल्या दमट हवेत सोंडे होतात. किलोमागे वाचलेले दोन-चार रुपये आणि एक रविवार, दोन्ही निवडण्यात जातात.

महिनाभर आवक रोखलीस की मगच अटाळ्याला, म्हणजे घरातल्या अडगळीला हात लाव. आधी कपडे, मग स्वयंपाकघर, मग कागद. फोटो, पत्रं, छोटीचे पहिले कपडे सगळ्यात शेवटी. फोटोंच्या खोक्यापासून सुरू करणारा तासाभराने तिथेच मांडी घालून बसलेला असतो. एका बैठकीत एकच कप्पा, वीस मिनिटं. निर्णय होत नसेल ते खोक्यात घालून वर तारीख टाक. नव्वद दिवस उघडावं लागलं नाही, तर आत न डोकावता बाहेर काढ. रिकामे डबे आणि ऑर्गनायझर आधी विकत घेऊ नकोस, ते भरायलाच सामान राखलं जातं. आणि आमच्या माळ्यावर पाठवणं याला आवरणं म्हणत नाहीत!

बाहेर काढलेलं त्याच दिवशी घराबाहेर गेलं पाहिजे. दारात चार दिवस पडलेल्या पिशवीतून निम्मं परत आत येतं. नगर निगमच्या कचरागाडीत सहा वेगवेगळे भाग असतात, तेव्हा जुने सेल, ट्यूबलाइट घातक कचऱ्यात आणि चार्जर, वायरी ई-कचऱ्यात टाक. जुना मोबाइल कुणाला द्यायचा तर आधी गूगल खातं त्यातून काढ, मग फॅक्टरी रीसेट कर. उलट्या क्रमाने केलंस तर पुढच्याच्या हाती कुलूपबंद फोन पडतो. पुस्तकं खजुरी बाजारात, पुस्तकांच्या दुकानांत जातील. पितळ आणि तांबं अटाळेवाल्याला (भंगारवाल्याला) लोखंडात मिसळून देऊ नकोस, वेगळं तोलून घे.

खरा गुंता मात्र बँकेचा आहे. नोकरी बदलताना प्रत्येक ठिकाणी पगाराचं खातं उघडलंस, बंद एकही केलं नाहीस. पगार येणं थांबलं की असं खातं बँक साधं बचत खातं करते आणि अनेक बँकांत किमान शिलकीचा नियम लागू होतो. दोन वर्षं तू स्वतः व्यवहार केला नाहीस तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. मागून मिळते, पण अर्ज-केवायसीच्या फेऱ्या होतात. दोन खाती पुरे: एकात पगार येईल आणि हप्ते जातील, दुसऱ्यात महिन्याचा घरखर्च.

बंद करण्याची घाई मात्र नको. त्या खात्यातून जाणारी म्युच्युअल फंडाची एसआयपी, विम्याचा हप्ता, फास्टॅग, वीजबिल हे सगळं आधी हलव. पीएफच्या केवायसीत आणि आयकराच्या पोर्टलवर कुठलं खातं आहे तेही बघ, नाहीतर परतावा बंद खात्याकडे निघून तिथून परत फिरेल. मग पूर्ण तीन महिने थांब, कारण तिमाही हप्ते महिन्याभरात दिसत नाहीत. स्टेटमेंट उतरवून घे आणि मगच अर्ज दे. विम्याचा वार्षिक हप्ता चुकला तर तीस दिवसांची जादा मुदत मिळते, मासिक असेल तर पंधराच. इथेच लोकांची पॉलिसी जाते. क्रेडिट कार्डापैकी सगळ्यात जुनं ठेव, बाकीची बंद कर. सगळी बाकी भरून अर्ज दिलास की बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये तुला देणं लागतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्जाची पोच जपून ठेव.

कागदांचं थोडक्यात: घराची रजिस्ट्री कायमची, आयकराचे आठ वर्षांचे, वीजबिलं वर्षभराची. वॉरंटीच्या चकचकीत पावत्यांवरची शाई उडते, त्यांचा फोटो आजच काढ.

तुझ्या तबल्याची पुडी (वरचं कातडं) बदलायला टाकली आहे, येत्या आठवड्यात मिळेल. तबल्याची जोड न्यायला येशील तेव्हा येताना "हे जरा तुमच्याकडे ठेवा" म्हणून काही आणू नकोस. छोटीला आण.

तुझे,
बाबा