मंडळाच्या टी-शर्टवर साल छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढ लागला की गणेश मंडळांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी आणि देखाव्याबरोबर यंदाच्या टी-शर्टचा रंगही त्याच बैठकीत ठरतो. तो ठरण्याआधी हे पत्र छापावं, अशी विनंती.

गेल्या महिन्यात धाकट्या मुलाचं कपाट आवरायला काढलं. २३ टी-शर्ट निघाले. नऊ मंडळाचे, प्रत्येकावर वेगळं साल. पाच कॉलेजच्या गॅदरिंगचे, चार शर्यतींचे, बाकीचे कंपनीचे. विकत घेतलेला त्यांत एकही नव्हता. मंडळाचा टी-शर्ट दहा दिवस अंगात असतो. पुढच्या वर्षी नव्या सालाचा येतो आणि कापड धडधाकट असतानाही आधीचा बाद होतो. "मागच्या वर्षीचा घालून मिरवणुकीत कसं जायचं?" हा मुलाचा प्रश्न, आणि त्याचंही चूक नाही, पाठीवर साल ठळक असतं.

आमच्या लहानपणी जुने कपडे घ्यायला बोहारीण यायची. साडी उजेडात धरून, विरलीय का ते बघून मग पातेलं किंवा डबा पुढे करायची. टी-शर्टला आज तसा गिऱ्हाईक नाही. सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना मी विचारलं. म्हणाल्या, "काकू, पुठ्ठ्याला भाव येतो, याला कोण घेतंय?" पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली, पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. कुठल्या वस्तूला किंमत आहे आणि कुठल्या नाही, हे या बायकांइतकं शहरात कुणाला ठाऊक असणार? एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज सांगतात. आमच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या अडीच टाक्यांहून जास्त. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना तो आकडा वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणून मी ते २३ शिवणाच्या मशीनपाशी घेऊन बसले. आधी सुती कुठला ते पाहायचं. शिवणीतला एक दोरा काढून उपयोग नाही, तो बहुधा पॉलिएस्टरचाच असतो. आतल्या दुमडीतला कापडाचा बारीक तुकडा चिमट्यात धरून काडी लावायची. सुती असेल तर जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गुठळी होते. शर्यतींचे चारही तसलेच निघाले. ते पाणी टिपत नाहीत, त्यामुळे पुसायला निरुपयोगी. त्यांच्या मी पावसाळी चपलांसाठी पिशव्या शिवल्या.

मंडळाचे टी-शर्ट सरसकट एक्सएल मापाचे आणतात, बारीक पोरांच्या अंगात ते लोंबतात. नीट बसणारा एक टी-शर्ट उलटा करून वर ठेवायचा, मुंढ्यापासून खालच्या दुमडीपर्यंत खडूने आखायचं, बोटभर जागा सोडून कापायचं. हे सोपं आहे. पहिल्यांदा मी त्यावर साधी सरळ टीप मारली. मुलाने डोक्यातून घालताना बाजूची शिवण तटकन गेली. होजियरीचं कापड स्वेटरसारखं टाक्यांनी विणलेलं असतं, ते ताणतं आणि सरळ टीप ताणत नाही. त्याला झिगझॅग टीप हवी, आणि सुई बॉलपॉइंटची, म्हणजे गोलसर टोकाची. टोकदार सुईने विणीचे टाके तुटतात आणि धुण्यागणिक भोक मोठं होत जातं. मशीनला झिगझॅग नसेल तर कापड किंचित ताणून धरत टीप मारावी, हाताने शिवायचं असेल तर उलटी टीप घालावी.

बाजाराची पिशवी सगळेच करतात, २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर तर जास्तच. बाह्या आणि गळा कापायचा, खालून शिवायचं, झालं. फक्त पिशवी आखूड ठेवावी. मंडईतून दोन किलो बटाटे आणले की ती गुडघ्यापर्यंत लोंबते.

मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे दोरी काढणं. बगलेखालून टी-शर्ट आडवा कापला की कापडाची नळी हातात येते. तिची एक कड दुसऱ्या कडेच्या इंचभर अलीकडे येईल अशी ती दुमडायची आणि दुमडीच्या बाजूने इंच-इंच रुंदीच्या पट्ट्या कापत जायचं, पण पलीकडची कड शाबूत ठेवायची. मग ती कड उलगडून एका चिरेपासून पुढच्या चिरेपर्यंत तिरकं कापायचं. सगळ्या पट्ट्या एकाच लांब पट्टीत जोडलेल्या निघतात. ती दोन्ही हातांनी ओढली की कडा आपोआप आत वळतात आणि डोळ्यांदेखत गोल दोरी होते. मागावरच्या कापडासारख्या दशा निघत नाहीत. एका टी-शर्टची पंधरा-वीस मीटर सहज होते. तीन रंगांची वेणी घालून, ती गोल गुंडाळून टाक्यांनी धरली की दाराशी घालायला पायपुसणं तयार. धुतलं की नव्यासारखं होतं. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या दोन टी-शर्टची भाचीच्या बाळासाठी झबली झाली. शिवणी बाहेरच्या अंगाला घेतल्या, बाळाला टोचायला नकोत.

पण हे करताना एक गोष्ट प्रत्येक वेळी आडवी आली. टी-शर्टमध्ये सलग कापडाचा सगळ्यात मोठा तुकडा पाठीचा, आणि नेमक्या त्यावर प्रायोजकाचं नाव, बाप्पाचं चित्र आणि साल यांचा वीतभर रबरी छाप. त्यावर पाणी टिपलं जात नाही, इस्त्री फिरवली की तो चिकटतो, दोरी ओढली की तडकून गळतो. शिवाय बाप्पाचं चित्र असलेल्या कापडाला कातरी लावायला आणि त्याचं पायपुसणं करायला कुणाचाही हात धजणार नाही. माझाही धजला नाही. असे पाच टी-शर्ट अजून तसेच घडी घालून ठेवलेत.

मंडळांना कळकळीने सांगते. कापड सुती घ्या. छातीवर डाव्या बाजूला मंडळाचं नाव लहान अक्षरांत छापा. पाठ कोरी ठेवा आणि साल घालूच नका. प्रायोजकाचं नाव मंडपाच्या कमानीवर येतंच. मग मागच्या वर्षीचा टी-शर्ट यंदाही चालेल, नवे फक्त नव्या कार्यकर्त्यांसाठी आणावे लागतील आणि वाचलेल्या वर्गणीचं काय करायचं ते मंडळ ठरवील. आपल्या मंडळाच्या टी-शर्टवर पोरांची किती माया असते ते मी घरात पाहते. सालाचा आकडा नसला म्हणून ती कमी होईल असं मला वाटत नाही.

आमच्या भागातल्या मंडळांनी जुने टी-शर्ट जमवले तर रविवारी सकाळी दोन तास शिकवायला मी येईन. मशीन लागणार नाही. धारदार कातरी, खडू आणि सुई-दोरा एवढं प्रत्येकाने आणावं.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे