सुट्टे द्या हो

मुलुंड, रविवार रात्र

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

या कवितेच्या कार्यशाळेचा फॉर्म तू भरलास, फी तू भरलीस, माझ्या वहीतल्या पाच कवितांचे फोटोही मला न विचारता तूच पाठवलेस. तेव्हा आज दादरला काय झालं ते आधी तुलाच कळायला हवं. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतेस.

आम्ही बारा जण होतो. माझ्या खालोखाल वयाने एक नर्स, चाळिशीची. बाकी सगळी पोरं. भाईंदरचा एक मुलगा गझल लिहितो. काफिया, रदीफ, अलामत हे शब्द तो आम्ही अप स्लो, डाउन फास्ट म्हणायचो तितक्या सहज टाकतो. 'प्रगत' कार्यशाळा म्हणजे काय ते मला तिथेच कळलं. आणि मी कुठला प्रगत! निरोप समारंभांना मानपत्रं लिहून दिली, एवढीच माझी साहित्यसेवा.

शिकवणाऱ्या बाईंची पुस्तकं तुझ्या कपाटात आहेत, म्हणून वाटलं होतं मोठं भाषण होईल. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. मग म्हणाल्या, मोजा. सहा, सहा, सहा, चार. जोडाक्षर एकच धरायचं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. आजीच्या तोंडून हे तू किती वेळा ऐकलंयस, पण शेवटचा चरण आखूड का, हे आपल्या घरात कुणी कधी विचारलं नाही. बाई म्हणाल्या, तीन चरण चालत येतात, चौथा बसतो. तो कुठे बसतो तेवढं बघा.

मग म्हणाल्या, आता लिहा, अर्धा तास. मुक्तछंदवाली पोरं बोटं मोजून घामाघूम झाली. माझं दहा मिनिटांत झालं. बुकिंग ऑफिसात आयुष्य गेलेल्या माणसाला मोजायचं काय कठीण? ड्यूटी संपली की कॅश जुळलीच पाहिजे. मी लिहिलं:

काचेच्या खालून
येती किती हात
गाडी फलाटात
जीवन हे

बाईंनी 'जीवन हे'भोवती गोल काढला आणि विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, सगळ्यांचंच. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणाचंच नाही. ही भरती आहे. अक्षरं जुळली, हिशेब नाही जुळला." हिशेब नाही जुळला! मला, छकुली! खरं सांगतो, राग आला. जेवणाच्या सुट्टीत नर्सबाईंनी डब्यातली थालीपीठं पुढे केली तर मी नको म्हणालो.

दुपारी बाई कवी अरुण कोलटकरांबद्दल बोलल्या. काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इन या हॉटेलात ते बसायचे आणि खिडकीतून समोरचा चौक बघत राहायचे. त्यातूनच पुढे 'काळा घोडा पोएम्स' आलं, 2004 साली, ते गेले त्याच वर्षी. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हालाही खिडकी होती." मी म्हटलं, त्यांना चहा मिळायचा, आम्हाला रांग. सगळे हसले, बाईसुद्धा. मग त्यांनी विचारलं, "रांगेला काय म्हणायचात?"

काय म्हणणार? जे रोज हजारदा म्हणायचो तेच. आणि म्हणता म्हणता बोटं आपोआप मोजायला लागली. सु, ट्टे, द्या, हो.

काचेच्या खालून
येती फक्त हात
गाडी फलाटात
सुट्टे द्या हो

'किती'चं 'फक्त' मीच केलं. चेहरा बघायला वेळ कुठे असायचा? घड्याळं, बांगड्या, पावसात भिजलेल्या नोटा. तो भाईंदरचा मुलगा म्हणाला, काका, 'हो' पण भरतीचा आहे ना? बाई म्हणाल्या, नाही, तो राहू दे, तो खिडकीतलाच आहे. मला इतकं बरं वाटलं की चहाच्या वेळी थालीपीठ मागून घेतलं.

एकच कडवं झालंय. बाई म्हणतात निदान पाच हवीत, पुढच्या रविवारपर्यंत. आई मघाशी विचारत होती, जेवताना बोटं कसली मोजताय. दुसऱ्या कडव्याचा चौथा चरण अडलाय. 'पुढे चला' चपखल बसतं, पण ते कंडक्टरचं आहे.

तुझा,
बाबा