वृक्षतोडीच्या परवानगीत घरटीही नोंदवा

महोदय,

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना धक्का लावणे ही शिकारच मानली आहे. पण रिकाम्या घरट्यांचे काय, हे त्यात स्पष्ट नाही. कॅनडाने २०२२मध्ये आपले स्थलांतरित पक्ष्यांचे नियम सुधारताना हाच प्रश्न सोडवला. तिथे १८ जातींच्या घरट्यांना बारमाही संरक्षण आहे. घरटे ओस पडल्याची नोंद करून ठरावीक काळ थांबावे लागते. रातबगळ्यासाठी तो २४ महिने आहे. हाच रातबगळा आपल्या शहरांतही चिंचेवर, वडावर वसाहत करतो.

आपल्याकडे त्याची वीण ऐन पावसाळ्यात असते आणि फांद्या छाटण्याची घाईही तेव्हाच. अंडी उबायला सुमारे तीन आठवडे, पिल्ले उडायला आणखी सहा. शिवाय एकाच झाडावर कुठे अंडी, तर कुठे मोठी पिल्ले असतात. म्हणून आठवडाभर काम पुढे ढकलून काही साधत नाही. काटक्यांचे ते विरळ घरटे उचलून दुसरीकडे ठेवले, तर पालक सहसा फिरकत नाहीत.

महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष कायद्यात परवानगीपूर्वी घरट्यांची पाहणी सक्तीची करावी. झाडाखालची पांढरी विष्ठा, अंड्यांची कवचे आणि माशांचा उग्र वास एवढ्यावरूनही वसाहत ओळखता येते. अशा झाडाला जून ते सप्टेंबर कुऱ्हाड लागू नये. फांदी खरोखर धोकादायक असेल, तर तेवढीच, वनखात्याला कळवून तोडावी.

– एक पक्षी अभ्यासक, पुणे