आधी ‘लवकर निजे’, मग ‘लवकर उठे’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘उशिरा उठणारी पिढी आळशी’ अशा सुराची पत्रे आपल्या सदरात अधूनमधून वाचायला मिळतात. मी स्वतः गजर न लावता पाचच्या आत उठते. त्यामुळे माझा या पत्रलेखकांना पाठिंबा असेल, असे कुणालाही वाटेल. तो नाही.

मी आयुष्यभर परिचारिकेची नोकरी केली. नाइट ड्यूटी संपवून, हँडओव्हर देऊन घरी यायचे, पडदे ओढून आडवे व्हायचे, की अकराच्या सुमारास कुणीतरी हमखास विचारणार, “अजून झोपलीच आहेस?” रात्रभर जागून किती सलाइन बदलल्या, ते विचारणाऱ्याला ठाऊक नसे. ऊन वर आले आणि बाई अंथरुणात, एवढेच त्याला दिसे.

पण डोळे उघडले ते वॉर्डातल्या एका मैत्रिणीमुळे. रात्री तीनला आम्ही बाकीच्या खुर्चीत पेंगायचो, तेव्हा ती ताजीतवानी असे. औषधाची वेळ चुकली नाही की नोंद राहिली नाही. तीच बाई सकाळच्या पाळीला आली की नऊपर्यंत तोंडातून शब्द फुटत नसे. नाइटला तिचे सगळे कौतुक करत आणि डेला तिला आळशी म्हणत. बाई एक, हात तेच, कामही तेच. बदलले होते ते फक्त घड्याळ. माझे नेमके उलटे. पहाटे चारला मी तापमानाचा आकडा दोनदा वाचायची, तरी खात्री वाटत नसे. मला मात्र कुणी आळशी म्हटले नाही, कारण माझी झापड रात्रीची होती.

हे घड्याळ शरीरातच असते, हे आता गुपित राहिलेले नाही. 1729 साली फ्रान्समधल्या द मेराँ या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. फळमाशीतल्या या घड्याळाचे पेच उलगडणाऱ्या तिघांना 2017 चे नोबेल मिळाले. 2019 मध्ये सुमारे सात लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहाटे उठण्याच्या कलाशी संबंधित जनुकसंचातल्या 351 जागा त्यात सापडल्या. सगळेच काही रक्तातून येते असे नाही. पण ज्याचा मला एवढा अभिमान होता, त्यातले बरेचसे आई-वडिलांकडून फुकट मिळाले होते. उरलेले वयाने दिले. किशोरवयात झोपेची वेळ पुढे सरकते, म्हातारपणी पुन्हा मागे येते. म्हणून तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये सांगितले की, माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत. आम्ही साठीचे लोक सोळा वर्षांच्या पोराला आमच्या घड्याळाने मोजतो आणि वर त्याला संस्काराचा मुद्दा करतो.

पहाटेचे गुण मी नाकारत नाही. फोन वाजत नाही, कुणी हाक मारत नाही, एक तास संपूर्ण आपला असतो. शिवाय माणसाचे आतले घड्याळ सरासरी चोवीस तासांहून दहा-बारा मिनिटे जास्तच घेते. त्याला रोज थोडे मागे ओढायचे काम सकाळचा उजेड करतो. ज्याला झोपेची वेळ अलीकडे आणायची आहे, त्याने उठल्यावर उजेडात जावे आणि रात्री दिवे व पडदे (खिडकीचे नव्हेत, मोबाइलचे) लवकर बंद करावेत. एवढ्याने वेळ बरीच हलते, पण रात्री जागणाऱ्या घुबडाचा पहाटे गाणारा चंडोल होत नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही ओळ सगळ्यांना पाठ आहे, पण तिच्यातला क्रम कुणी पाळत नाही. घरातले दिवे बाराला मालवायचे, गजर पाचचा लावायचा आणि दिवसभर ‘मी पाचला उठतो’ म्हणून मिरवायचे. हे पाचच तास झाले. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. दोन ते नऊ नियमाने झोपणारा माणूस या पाचवाल्यापेक्षा कितीतरी शहाणा. आणि रविवारी दहापर्यंत झोपणाऱ्याला बोल लावण्याआधी त्याने आठवडाभरात किती झोप गमावली, ते विचारावे. तो बहुतेक वेळा उधारी फेडत असतो.

मीही यातून सुटलेली नाही. मुलगी दहावीत असताना मी रोज पाचला तिच्या अंगावरचे पांघरूण ओढायचे. ती पुस्तक उघडून बसायची आणि अर्ध्या तासाने पुस्तकावरच डोके टेकायची. रात्री अकराला तिचा अभ्यास खरा रंगात यायचा, तेव्हा मी जाऊन दिवा बंद करायचे. आता ती नोकरी करते, मध्यरात्रीपर्यंत काम करते आणि साडेआठला उठते. सुटीत घरी आली की भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून मी स्वयंपाकघराचे दार लावून घेते आणि मिक्सर नऊनंतर लावते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका